पीठ बसेपर्यंत

घावनाचं पीठ कालवल्यावर किती वेळ ठेवावं, या विषयावर माझा अभ्यास आहे. अकरा वर्षांचा. त्यातली सहा वर्षं मी माहिती गोळा केली, एका संध्याकाळी निष्कर्ष जाहीर केला, आणि उरलेली पाच वर्षं तो निष्कर्ष कुणी पुन्हा काढू नये म्हणून विषय बदलत राहिलो.

त्या अभ्यासाचा विषय नीराबाई होती. तिला अर्थातच कुणी विचारलं नव्हतं.

काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी करंजदांडा नावाची कोळ्यांची वाडी आहे. सत्तर-ऐंशी उंबरे. १९५२ च्या जूनमध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली. मी माणगावकडचा. समुद्र मी त्याआधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा लांबून, आणि एवढं पाणी उगाच पडून आहे असं माझं मत झालं होतं. शाळेला खोली होती, मास्तराला नव्हती. वाडीच्या पंचांनी मला नीराबाईच्या पडवीत बिऱ्हाड करून दिलं. मी तेव्हा मासे खात नव्हतो. पुढे काय झालं ते विचारू नये.

नीराबाई चाळिशीची, बुटकी, काटक. घरात ती फारशी बोलत नसे. दिवसाचे सगळे शब्द रेवदंड्याच्या बाजारात गिऱ्हाइकांवर खर्च करून येत असावी. नवरा काळूराम नाखवा १९४७ च्या पावसाळ्यात गेला. समुद्रावर नव्हे, घरात, खाटेवर, विषमज्वराने. तीस वर्षं वादळवाऱ्यात काढलेला माणूस कोरड्या जागी मरतो, याचं वाडीला थोडं ओशाळल्यासारखं होत असे. त्याची गोष्ट निघाली की लोक पटकन दुसऱ्या कुणाच्या तरी बुडण्याकडे वळत. मागे राहिला एकुलता मुलगा चंदर, तेव्हा सतरा वर्षांचा, आणि एक होडी. सतराव्या वर्षी तो नाखवा झाला. मी गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि समुद्र आपल्या बापाचाच आहे अशा थाटात वागत होता.

पहिल्याच हंगामात मी वाडीचा एक मोठा नियम मोडला. चंदर खांद्यावर जाळं टाकून निघाला होता. मी पडवीत दात घासत होतो. माणुसकी म्हणून विचारलं, "काय चंदर, कुठं निघालास?"

तो थांबला. परत आला. जाळं खाली ठेवलं, ओट्यावर बसला, पाणी मागून प्यायला. मग बिडी ओढली. मग आणखी एक. तोवर भरती उतरली आणि होडी त्या दिवशी चिखलात बसून राहिली. चार खलाशी दिवसभर समोरच्या ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. 

शेजारच्या कृष्णाबाईने मला समजावलं. ही काळूरामची आत्या, सत्तरीची, वाडीतली सगळ्यात जुनी बाई. "गुरुजी, दर्यावर निघाल्याला कुटं म्हून पुसू नये. मागनं हाक मारू नये. आन जाऊ नको, असं तर बाईमाणसानं जिभंवरसुदीक आणू नये. अपशकुन व्हतो."

"पण खरंच जाऊ नये असं वाटलं तर?"

"वाटू द्यावं," ती म्हणाली. "बोलू नये."

मी हा नियम वहीत लिहून ठेवला. माझी ती सवयच होती. पुढे तीच मला नडली.

आता पिठाकडे येतो. होडी निघताना पहिल्या जेवणाचे घावन नाखव्याच्या घरून येत. भात-कालवण होडीवर चुलीवर शिजे, पण पहिला घास घरच्या घावनाचा, आणि घावनाचं फडकं होडीत पडल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. नीराबाई जुने तांदूळ रात्री भिजत घाली, पहाटे पाट्यावर वाटी, त्यात मीठ-पाणी घालून ताकापेक्षा जरा दाट पीठ कालवी आणि मडक्यात भरी. मग ते पीठ बसायला ठेवायचं. लगेच तव्यावर घातलं तर घावन तव्याला चिकटतं, उलथन्याला दाद देत नाही, जाळी पडत नाही. फार वेळ उबेत ठेवलं तर आंबतं, आणि आंबलेल्या पिठाचं घावन होडीवर दुपारपर्यंत टिकत नाही. मधली वेळ साधायची. ती साधली की बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवून ती वाटीने पीठ ओती, कडेकडून आत, आणि क्षणात त्याला जाळी पडे. मी माणगावात बरे घावन खाल्ले होते. नीराबाईचे खाल्ल्यावर त्यांना बरे म्हणणं बंद केलं.

पीठ थंड राहावं म्हणून ती मडकं विहिरीत ठेवी. वाडीच्या कडेला उंडीच्या झाडाखाली गोड्या पाण्याची विहीर होती, समुद्रापासून शंभर पावलांवर. आतल्या बाजूचा एक चिरा कधीतरी निखळला होता आणि तिथे कोनाडा झाला होता. विहिरीच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या चार पायऱ्या उतरून नीराबाई त्या कोनाड्यात मडकं ठेवून येई. यावर एकदा तक्रार झाली. सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यावर हिचं पीठ कशाला, असं धर्मा नावाच्या पंचाचं म्हणणं पडलं. पंचांनी दोन बैठका घेतल्या आणि मडक्याच्या तोंडाला फडकं बांधावं असा निवाडा दिला. ते ती आधीपासून बांधतच होती. निवाडा तिने मान्य केला आणि धर्माच्या घरी चार घावन पाठवले.

होडी निघायच्या सुमाराला नीराबाई विहिरीवर जाई. चार पायऱ्या उतरून जरा वेळ आत उभी राही. बहुतेक वेळा मडकं कमरेवर घेऊन वर येई, चूल पेटवी, आणि अर्ध्या तासात घावनाचं फडकं होडीत पडे. पण कधीकधी ती हात हलवत परत येई, ओट्यावर बसे आणि कुणाकडेही न बघता म्हणे, "पीठ बसलं न्हाय."

मग होडी थांबे. खलाशी जाळी विणायला घेत. चंदर कुरकुर करी, पण आईच्या चुलीवर त्याचा हुकूम चालत नव्हता. कधी तासाभराने पीठ बसे, कधी भरती निघून गेल्यावरही बसत नसे, आणि मग सगळेजण दुसऱ्या दिवसाची वाट बघत.

मला हे सहन होईना. मी ट्रेनिंग कॉलेजात शास्त्र शिकलेला माणूस. तेच तांदूळ, तेच पाणी, तेच मडकं, तोच कोनाडा, आणि पीठ एकदा तासात बसतं, एकदा चार तासांत नाही? मी एकदा तिला विचारलं, "नीराबाई, पीठ बसलं हे तुम्हाला कळतं कसं?"

"बघून," ती म्हणाली.

एवढ्यावर अभ्यास थांबवणारा मी नव्हतो. वडिलांचं खिशातलं घड्याळ माझ्याकडे होतं. रोज रात्री चावी दिली की मिनिटाचीही चूक न करणारं. मी शाळेची एक कोरी वही घेतली, रकाने आखले: तारीख, तांदूळ, मीठ, पाणी, ऊन, लागलेला वेळ. सहा वर्षं मी त्या वहीत नोंदी केल्या. "१२ ऑक्टोबर, एक तास पाच मिनिटं. १४ ऑक्टोबर, एक तास. १९ ऑक्टोबर, पावणेचार तास, बसलं नाही, होडी राहिली." नोंदींमधून काही निघत नव्हतं. तेव्हा एका दिवाळीच्या सुट्टीत मी गावी न जाता प्रयोग केला. शाळेच्या ओट्यावर सहा वाडगे मांडले, प्रत्येकाखाली वेळेची चिठ्ठी ठेवली, आणि दिवसभर घावन घातले. अर्ध्या तासाचे चिकटले. एक तासाचे उत्तम. दोन तासांचेही उत्तम. चार तासांचे जरा आंबूस, पण खाण्याजोगे. मी सव्वीस घावन खाल्ले आणि शास्त्र सिद्ध केलं. तास पुरतो. त्यापुढे पीठ बसायचं काही शिल्लक राहत नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल चांगला भरलेला होता, म्हणून मला ते लागू पडतं असं वाटलं नाही.

१९५८ च्या दसऱ्याला चंदरच्या होडीवर यंत्र बसलं. वाडीतलं पहिलं. आता भरती-ओहोटीकडे बघत बसायला नको, वारा पडला तरी चिंता नाही, सकाळी जाऊन दुपारी परत, असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता. सत्यनारायण घातला. सगळी वाडी जमली. यंत्राला हार घातला आणि गुरुजींनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. मी दोन शब्दांवर थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी शास्त्रावर बोललो. अंदाजाचे दिवस गेले, मोजमापाचे आले, असं म्हणालो. लोकांना कळावं म्हणून घरचं उदाहरण दिलं: "आता हेच बघा. घावनाचं पीठ बसायला बरोबर एक तास लागतो. मी स्वतः प्रयोग केलेला आहे. त्याहून जास्त वेळ थांबणं ही नुसती समजूत."

लोक हसले. चंदर सगळ्यात मोठ्याने हसला. बायका हसल्या नाहीत, पण त्या मागच्या बाजूला होत्या आणि माझं लक्ष पुढे होतं. नीराबाई प्रसाद वाटत होती. माझ्या हातावर शिरा ठेवताना ती जराशी थांबली. मला वाटलं, कौतुकाने.

कोजागिरीनंतरच्या चौथ्या दिवसाची गोष्ट. सकाळ कोरडी, आभाळ निळं, वारा इतका पडलेला की माडाचं पानही हलत नव्हतं. नीराबाईने सहाला पीठ कोनाड्यात ठेवलं होतं. सात वाजून गेल्यावर ती विहिरीवर गेली, नेहमीपेक्षा जास्त वेळ आत थांबली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"पीठ बसलं न्हाय."

चंदर ओट्यावर उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, किती वखत झाला?"

मी घड्याळ काढलं. काढायला नको होतं. "एक तास दहा मिनिटं."

"म्हंजी बसलं."

नीराबाई माझ्याकडे वळली. सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "गुरुजी," ती म्हणाली, "पीठ बसलं न्हाय."

आणि मी, नाकाने कांदे सोलणारा मी, म्हणालो, "नीराबाई, शास्त्राप्रमाणे बसायला हवं."

चंदर हसला. "आये, आता यंत्र हाय. दुपारच्याला येतो, मंगच खातो तुझं घावन." त्याने खलाशांना खूण केली आणि चालू लागला. नीराबाईचं तोंड उघडलं. मग तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि तशीच उभी राहिली, कारण निघालेल्याला मागनं हाक मारायची नसते. यंत्राचा आवाज खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. घावन न घेता त्या घरची होडी पहिल्यांदाच बाहेर पडली होती.

कृष्णाबाई आपल्या ओट्यावरून सगळं बघत होती. ती काठी टेकत आली आणि माझ्यासमोर बसली.

"गुरुजी, तुमी किती बुकं शिकलाव?"

मी सांगितलं.

"येवडी शिकून तुमाला येक गोस्ट कळली न्हाय. पीठ तासातच बसतं. ते आमाला ठाव न्हाय व्हय? जल्म गेला आमचा पिठात." तिने विहिरीकडे बोट केलं. "ती इहीर दर्याच्या काठची. वाऱ्याच्या आदी लांब दर्या फुगतो. हितं काय दिसत न्हाय, आभाळ साफ असतं. पन इहिरीचं पाणी चढतं, गढूळ व्हतं, वास मारतं. मडकं ठेवाया बाय आत उतरते ती पाणी बघाया. मी माज्या भावजयला शिकिवलं, तिनं नीरीला. जाऊ नको म्हनता येत न्हाय. मंग काय करावं? मडकं तितंच ठेवावं. पिठाला दोस द्यावा."

 माझ्या वहीत तांदळाचा रकाना होता, मिठाचा होता, पाण्याचा होता. वाऱ्याचा आणि समुद्राचा रकाना मी आखलाच नव्हता.

"पुरुषांना हे ठाऊक होतं?" मी शेवटी विचारलं.

"असंल, नसंल. कुनी कवा पुसलं न्हाय. तुमीच पयले."

दुपारी एक वाजता वारा सुटला. तीन वाजता शाळेचं छप्पर बोलू लागलं, मी मुलांना घरी सोडलं. संध्याकाळी समुद्र खाडीच्या तोंडावर भिंतीसारखा उभा राहत होता. बाकीच्या होड्या आत होत्या. त्या दिवशी इतर घरांतही बऱ्याच बायकांचं काही ना काही राहिलं होतं, कुणाची चूल पेटली नव्हती, कुणाचं मीठ सापडत नव्हतं. फक्त चंदरची होडी बाहेर होती, आणि तिच्यावर पाच माणसं.

मी नीराबाईकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तिच्यासमोर उभा राहिल्यावर मला रडू आलं आणि ठरवलेलं सगळं विसरलो. ती म्हणाली, "जेवलाव का, गुरुजी?" मी नाही म्हणालो. तिने भात वाढला. वरण वाढायला ती विसरली आणि मी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला पाट्याचा आवाज आला. ती तांदूळ वाटत होती. पीठ कालवलं, मडक्यात भरलं, फडकं बांधलं आणि पावसात भिजत विहिरीवर ठेवून आली. कुणासाठी, असं विचारायची हिंमत वाडीत कुणाला नव्हती. ती गेल्यावर मी जाऊन विहिरीत वाकून बघितलं. पाणी कोनाड्याच्या तळाला टेकलं होतं, लाल, फेसाळ, आणि त्याला खाडीचा वास येत होता. मडकं तिने दोन पायऱ्या वर, एका खुंटीला टांगलं होतं. एरवी पाणी कोनाड्याच्या दोन हात खाली असतं हे सहा वर्षं त्या विहिरीचं पाणी पिऊन मला माहीत नव्हतं. विहिरीच्या पाण्यावरून वादळ किती कळतं, यातलं शास्त्र मला माहीत नाही. दसऱ्यापर्यंत माहीत होतं.

त्या रात्री मी घड्याळाला चावी दिली नाही. ते कधी बंद पडलं ते कळलं नाही, कारण बघायला दुसरं घड्याळ नव्हतं.

तिसऱ्या दिवशीही तिने पीठ वाटलं. त्या दिवशी वारा उतरला होता. सकाळी ती विहिरीवर गेली आणि मडकं कमरेवर घेऊन वर आली. चूल पेटवली. तवा ठेवला. कृष्णाबाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली. पहिलं घावन तव्यावरून उतरलं तेव्हा बंदरावरून कुणीतरी ओरडलं.

होडी शिडावर येत होती. यंत्र वादळाच्या पहिल्या तासातच पाणी शिरून बंद पडलं होतं. जुनं शीड चंदरने यंत्र भिजू नये म्हणून त्याच्यावर पांघरायला ठेवलं होतं, यंत्राने तेवढं एक काम केलं. जाळी गेली, एका खलाशाच्या हाताचं हाड मोडलं. पाचही माणसं होती. अर्धी वाडी कमरेएवढ्या पाण्यात शिरली. मी किनाऱ्यावर उभा राहून मोठ्याने रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

नीराबाई बंदरावर आली नाही. तवा तापलेला होता.

चंदर घरी आला. ओठ मिठाने फुटलेले, डोळे लाल. दारात उभा राहिला, आत यायला धजेना. चुलीपाशी आई पाठमोरी बसली होती.

"आये," तो म्हणाला, "पीठ बसलं का?"

तिने आधी तव्यावरचं घावन उलटलं, काढलं, ताटात ठेवलं.

"बसलं," ती म्हणाली. "ये."

त्याने अकरा घावन खाल्ले. ती बाराव्यासाठी पीठ ओतत होती तेव्हा तो बसल्या जागी झोपला.

मला तिने कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त महिनाभर माझ्या ताटात मोडके घावन पडत होते. असलं मोडकं घावन तिच्या हातून होतं हेच मला माहीत नव्हतं. ती मुद्दाम करत असली पाहिजे. मी ते मुकाट्याने खाल्ले. कार्तिकाच्या शेवटी एके दिवशी अख्खं घावन पडलं, पूर्ण जाळीचं, आणि मी ते खाताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं. वही मी त्याच दिवशी तिच्या चुलीत घातली.

चंदरने यंत्र दुरुस्त करून घेतलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाडीत आणखी यंत्रं आली. पण निघायच्या वेळी चंदर ओट्यासमोर येऊन विचारी, "आये, पीठ बसलं का?" बसलं म्हणाली तर जाई. न्हाय म्हणाली तर काही न बोलता बिडी काढी. पीठ तासात बसतं हे मी त्याला सगळ्या वाडीसमोर सांगितलं होतं, आणि तो ते विसरलेला नव्हता. तिलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. याविषयी दोघं एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. हळूहळू इतर होड्यांचे नाखवेही निघण्याआधी विहिरीच्या वाटेकडे एक नजर टाकू लागले. नीराबाईच्या कमरेवर मडकं दिसलं की यंत्रं सुरू होत. सात होड्यांचं बंदर त्या मडक्यावर चाले, आणि कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आपण भरती बघून निघतो.

१९६३ च्या दिवाळीनंतर जिल्हा परिषदेकडून माझ्या बदलीचा हुकूम आला. म्हसळ्याच्या शाळेत अमुक तारखेला हजर व्हायचं. चंदर म्हणाला, मी होडीने दिघीला सोडतो, तिथून एसटी मिळेल. माझं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि शाळेने दिलेला नारळ. सकाळी ते होडीत ठेवलं. वाडी निरोपाला जमली. समुद्र तळ्यासारखा पडला होता. दिघीच्या बाजूचे डोंगर स्पष्ट दिसत होते.

नीराबाई पहाटे पाचला पीठ ठेवून आली होती. मी जागाच होतो. सात वाजता ती विहिरीवर गेली. आम्ही सगळे बंदरावर उभे. ती परत आली ती रिकाम्या हाताने. माझ्यासमोर येऊन थांबली, पण बघत होती वाळूकडे.

"पीठ बसलं न्हाय," ती म्हणाली.

मी आभाळाकडे बघितलं. चारही दिशांना बघितलं. मग विहिरीपर्यंत गेलो आणि वाकलो. पाणी कोनाड्याच्या दोन हात खाली होतं, इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजता आले असते. कोनाड्यात मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. मी परत आलो.

चंदरने नांगर पुन्हा टाकला होता आणि काठावर बसून बिडी पेटवली होती. "काय, गुरुजी, इहिरीचं पाणी कसं हाय?"

"स्वच्छ आहे."

"मंग?"

मी खिशातून घड्याळ काढलं. दोन तास वीस मिनिटं झाली होती. माझे आईवडील केव्हाच गेले होते. मला जाऊ नको म्हणणारं कुणी उरलं आहे, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. घड्याळाचे काटे मला दिसेनासे झाले. मी ते मिटून खिशात ठेवलं.

"न्हाय बसलं अजून," मी म्हणालो.

दोन खलाशांनी ट्रंक उचलून परत पडवीत नेली.

म्हसळ्याला मी एक दिवस उशिरा हजर झालो. तिथल्या हजेरीपुस्तकात 'उशिराचं कारण' असा एक रकाना होता. मी त्यात 'हवामान' असं लिहिलं. हेडमास्तरांनी खिडकीतून बाहेरच्या निळ्या आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.